पेमेंटच्या कोडमध्ये पाच फ्लॅग साचलेत. आता स्टेट डायग्राम काढावा का, आणि कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाइन विक्रीच्या एका सिस्टिममध्ये पेमेंटचं मॉड्यूल हळूहळू वाढत गेलं. टेबलमध्ये आता पाच बूलियन कॉलम, म्हणजे खरं की खोटं एवढंच सांगणारे फ्लॅग, आहेत: गेटवेकडे (पैसे वसूल करणाऱ्या बाहेरच्या सेवेकडे) पाठवलं, पैसे आले, फेल झालं, रद्द केलं, रिफंड मागितला. अधूनमधून 'पैसे कापले गेले, पण ऑर्डर रद्द दिसते' अशी तक्रार येते. कुणीतरी एक 'इफ' वाढवतं आणि काही दिवसांनी तशीच दुसरी तक्रार हजर. टीममधल्या एकाचं म्हणणं आहे की स्टेट डायग्राम काढू. दुसऱ्याचं म्हणणं, फ्लोचार्ट आहेच की, पुन्हा तेच कशाला? तर डायग्राम काढावा का, त्यात काय असावं आणि तो कोडमध्ये कसा उतरवावा?

काढा. पण नुसतं चित्र काढून थांबलात तर पदरात फार काही पडणार नाही. तुमचे बग लपलेत ते तुम्ही न काढलेल्या बाणांत, आणि ते बाण दिसायला चित्राच्या जोडीला एक कंटाळवाणा तक्ता लागतो. तो तक्ता भरणं हेच माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं मुख्य काम आहे. चित्र हे त्यावर एकत्र बसून बोलण्यासाठी.

आधी फ्लोचार्टचं बघू, कारण तो आक्षेप नेहमीचा आहे. फ्लोचार्टमधली चौकट म्हणजे काम: हे करा, मग ते करा. एक काम संपलं की आपोआप पुढचं सुरू होतं. स्टेट डायग्राममधली चौकट म्हणजे थांबण्याची जागा. सिस्टिम तिथे उभी असते, बाहेरून काहीतरी घडेपर्यंत हलत नाही, आणि जे घडतं त्याचं नाव बाणावर लिहिलेलं असतं. तुमच्या चित्रात चौकटींची नावं 'ईमेल पाठवा', 'रक्कम तपासा' अशी असतील आणि बाणांवर काहीच लिहिलेलं नसेल, तर वर शीर्षक काहीही द्या, तो फ्लोचार्टच आहे. फ्लोचार्ट सगळं सुरळीत चाललं तर काय होतं हे छान दाखवतो. पेमेंटमधली दुखणी मात्र चुकीच्या वेळी आलेल्या निरोपातून सुरू होतात. ग्राहकाने रद्द केल्यावर गेटवेचा होकार येतो, एकच होकार दोनदा येतो, किंवा काहीच येत नाही. फ्लोचार्टमध्ये या गोष्टींना जागाच नाही.

स्टेट म्हणजे काय धरायचं

माझी कसोटी सरळ आहे: यापुढे तोच इव्हेंट, म्हणजे बाहेरून घडणारी तीच गोष्ट, आला तर सिस्टिम वेगळं वागणार आहे का? वागणार असेल तर ती वेगळी स्टेट. नसेल तर तो नुसता डेटा. ऑर्डरची रक्कम, ग्राहकाचा पत्ता, किती वेळा प्रयत्न झाला हा आकडा, हे सगळं डेटा. 'पहिला प्रयत्न', 'दुसरा प्रयत्न', 'तिसरा प्रयत्न' अशा तीन चौकटी काढू नका. एक चौकट, एक मोजणारं व्हेरिएबल आणि बाणावर 'प्रयत्न तीनपेक्षा कमी असतील तर' ही अट पुरते. या अटीला गार्ड म्हणतात. यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढण्याच्या प्रमाणित पद्धतीत बाणावर आधी इव्हेंट, मग चौकोनी कंसात गार्ड, मग तिरकी रेघ देऊन अॅक्शन (त्या वेळी करायचं काम), अशा क्रमाने लिहितात.

उलट बाजूनेही लक्ष ठेवा. तोच गार्ड चार-पाच बाणांवर दिसू लागला, उदाहरणार्थ जिकडेतिकडे 'ग्राहकाने रद्द मागितलं नसेल तर', की ओळखा, इथे एक स्टेट फ्लॅगच्या वेषात फिरते आहे.

फ्लॅगची खरी अडचण मोजणीत आहे. पाच बूलियन म्हणजे ३२ जोड्या. त्यातल्या अर्थपूर्ण असतील सात-आठ. बाकीच्या दोन डझन जोड्यांना डेटाबेस हरकत घेत नाही, कोडही घेत नाही. 'पैसे आले' खरं आणि 'फेल झालं'ही खरं, अशा रेकॉर्डचं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. ते ठरतं कोडमध्ये कोणता 'इफ' आधी लिहिला गेला त्यावरून.

फ्लॅग किती घातक ठरू शकतो याचं एक नोंदलेलं उदाहरण थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राचं आहे. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने सहा रुग्णांना बेसुमार मात्रा दिली. अपघातांची कारणं एकापेक्षा जास्त होती, पण जानेवारी १९८७च्या अपघाताच्या मुळाशी एका बाइटचा एक फ्लॅग होता. तो शून्य नसेल तर यंत्राच्या एका भागाची जागा तपासायची, शून्य असेल तर तपासणी नको, असा त्याचा अर्थ. पण 'तपासा' असं सांगायला त्यात ठरलेला आकडा ठेवण्याऐवजी दर फेरीला एक मिळवला जायचा. बाइटमध्ये २५५पर्यंतच मावतं, म्हणून दर २५६व्या फेरीला तो शून्यावर यायचा आणि तपासणी गाळली जायची. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबलं. 'तपासणी बाकी' आणि 'तपासणी झाली' या दोन स्टेट्स नावानिशी लिहिलेल्या असत्या, तर एकीतून दुसरीत जाणारा बाण कुणालातरी काढावा लागला असता, आणि 'फेऱ्या मोजल्यामुळे' असं त्या बाणावर कुणी लिहिलं नसतं.

तक्ता

आता तुमच्या पेमेंटकडे येऊ. तुमच्या टीमला आज तोंडपाठ असलेलं वागणं तक्त्यात मांडलं तर साधारण असं दिसेल. आडव्या ओळीत स्टेट्स, उभ्या रकान्यात इव्हेंट. प्रत्येक घरात पुढची स्टेट लिहायची. रिफंडनंतरचा भाग सध्या बाजूला ठेवतो.

| स्टेट | गेटवेचा होकार | गेटवेचा नकार | टाइमआउट | ग्राहकाने रद्द केलं |
|---|---|---|---|---|
| तयार | | | | रद्द |
| पाठवलं | यशस्वी | अयशस्वी | अयशस्वी | रद्द |
| यशस्वी | | | | रिफंड चालू |
| अयशस्वी | | | | |
| रद्द | | | | |

वीस घरं, भरलेली सहा. चित्रात हे सहा बाण नीटनेटके दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की डिझाइन झालं. तक्त्यात १४ रिकामी घरं टोचतात. म्हणून मी तक्त्याचा आग्रह धरतो.

रिकाम्या प्रत्येक घराबद्दल एकच प्रश्न विचारायचा: हे घडलं तर? उत्तर चारांपैकी एक निघतं. काही वेळा दुर्लक्ष करायचं ठरतं, आणि तसं स्पष्ट लिहायचं. काही वेळा हे घडूच शकत नाही असं ठरतं, तेव्हा घडल्यास मोठ्याने ओरडायचं, म्हणजे लॉग आणि अलर्ट. काही वेळा इव्हेंट आता नको पण नंतर हवा असतो, तेव्हा तो राखून ठेवायचा. यूएमएलमध्ये त्यासाठी डिफर्ड इव्हेंटची सोय आहे. आणि राहिलेल्या घरांबद्दल टीम एकमेकांच्या तोंडाकडे बघते. तुमचे बग त्या शेवटच्या घरांत आहेत.

'यशस्वी' असताना पुन्हा होकार आला तर? वेबहुक, म्हणजे गेटवेने आपल्या सर्व्हरला आपणहून पाठवलेला निरोप, दोनदा येणं ही नित्याची गोष्ट आहे, कारण पोच मिळाली नाही की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो. म्हणून इथे दुर्लक्ष. 'यशस्वी' असताना नकार आला तर? विसंगती, कोणत्याही परिस्थितीत आपोआप स्टेट बदलायची नाही, माणसाला कळवायचं. 'तयार' असताना होकार आला तर? आपण काही पाठवलंच नसताना होकार कुठून आला? हाही अलर्ट, आणि तो गंभीरपणे घ्यायचा.

आता 'रद्द' असताना होकार. तुमची तक्रार हीच. ग्राहकाने पैसे भरायला सुरुवात केली, पान अडकलं, त्याने रद्द दाबलं. आपण रेकॉर्डवर रद्द लिहिलं. तिकडे गेटवेवर व्यवहार चालूच होता आणि चाळीस सेकंदांनी होकार आला. हे घर रिकामं असल्यामुळे कोडने काय केलं? 'पैसे आले' हा फ्लॅग खरा केला, 'रद्द' हा आधीच खरा होता, आणि पडद्यावर रद्द दिसत राहिलं.

इथे 'रद्द असताना होकार आला तर रिफंड सुरू करा' असं लिहून घर भरता येईल. चालेलही. पण तसं केलं की 'रद्द' या स्टेटचा अर्थ सैल होतो: व्यवहार संपला, कदाचित. त्यापेक्षा खोटं आहे ते वरचं भरलेलं घर. 'पाठवलं' असताना ग्राहकाने रद्द केलं, तर आपण लगेच 'रद्द'मध्ये जाऊच शकत नाही, कारण पैसे कापले गेले की नाही हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नाही. मधे एक जागा हवी. तिला 'रद्द होतंय' म्हणू. तिथे नकार आला तर 'रद्द', होकार आला तर 'रिफंड चालू'. आता 'रद्द'चा अर्थ पक्का झाला: पैसे कापले गेलेले नाहीत याची खात्री आहे. आणि 'रद्द असताना होकार' हे घर अलर्टच्या वर्गात गेलं.

तक्ता भरता भरता नवी स्टेट हाती लागते, ती अशी. चित्र काढताना ती सहसा सुचत नाही, कारण चित्र काढताना मन सरळ वाटेनेच चालतं.

दुसरं खोटं घर 'पाठवलं' आणि टाइमआउट यांचं. तिथे 'अयशस्वी' लिहिलं आहे आणि बहुतेक सिस्टिम्समध्ये तसंच असतं. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही, एवढंच. विनंती वाटेत हरवली असेल, किंवा पैसे कापून झाले आणि उत्तर हरवलं असेल. या दोन्हींतला फरक आपल्या बाजूने कळत नाही. 'अयशस्वी' लिहून टाकलं की ग्राहकाला 'पुन्हा प्रयत्न करा' दिसतं, तो करतो, आणि पैसे दोनदा कापले जातात. इथे 'अनिश्चित' नावाची स्टेट हवी. तिच्यात शिरल्यावर गेटवेला ठराविक अंतराने त्या व्यवहाराबद्दल विचारत राहायचं, पैसे भरण्याचं बटण बंद ठेवायचं, आणि ग्राहकाला 'तपासत आहोत' हे प्रामाणिकपणे दाखवायचं. 'अनिश्चित' असताना ग्राहकाने रद्द केलं तर? तोही 'रद्द होतंय'मध्येच जातो, आणि तिथेही गेटवेला विचारणं चालू राहतं.

'अयशस्वी' असताना होकार आलाच तर? आधी अपयश कळवून नंतर यश कळवणारे गेटवे असतात, त्यामुळे हे घर 'घडूच शकत नाही'च्या वर्गात टाकता येत नाही. ऑर्डर पुढे न्यायची की पैसे परत करायचे, हा निर्णय व्यवसायाचा आहे. तो एखाद्या प्रोग्रामरने रात्री अकरा वाजता 'इफ' लिहिताना घेऊ नये. असे प्रश्न यादी करून प्रॉडक्टवाल्यांसमोर ठेवा. त्यांना डायग्राम वाचता आला नाही तरी 'हे घडलं तर काय करू?' हा प्रश्न नक्की कळतो.

'काही न करणारी' स्टेट

'अनिश्चित' किंवा 'रद्द होतंय' अशा स्टेट्सवर हमखास आक्षेप येतो की यात काही होत नाही, नुसतं थांबायचं, मग वेगळी चौकट कशाला? या आक्षेपावर माझं आवडतं उत्तर टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर दोन संगणकांमधली जोडणी सांभाळणारा प्रोटोकॉल. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९३ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजात टीसीपी जोडणीचा स्टेट डायग्राम साध्या टंकलिखित अक्षरांनी काढलेला आहे. त्यात ११ स्टेट्स आहेत. एकीचं नाव 'टाइम-वेट'. जोडणी बंद करण्याची सगळी देवाणघेवाण झालेली असते, आपली शेवटची पोचही पाठवून झालेली असते, तरी ही बाजू लगेच मोकळी होत नाही. एखादं पॅकेट नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त जितका काळ भटकू शकतं असं मानलं आहे, त्याच्या दुप्पट वेळ ती थांबते. मूळ आरएफसीने तो काळ दोन मिनिटं धरला, म्हणजे थांबणं चार मिनिटं. कारण शेवटची पोच हरवलेली असू शकते. समोरची बाजू आपला निरोप पुन्हा पाठवेल तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी हवं. शिवाय जुनी भटकी पॅकेट्स नव्या जोडणीत घुसायला नकोत.

म्हणजे 'मला वाटतं झालं, पण समोरच्याला कळलं की नाही ठाऊक नाही' ही परिस्थिती तिथे नाव देऊन, चौकट काढून मांडली आहे. नेटवर्कपलीकडच्या कुणाशीही बोलणाऱ्या प्रत्येक सिस्टिममध्ये ही परिस्थिती येते. बहुतेक ठिकाणी तिला नाव नसतं, इतकंच.

त्याच दस्तऐवजातली आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. २०२२मध्ये त्याच्या जागी आरएफसी ९२९३ आला. त्यात डायग्रामबद्दल स्पष्ट बजावलं आहे की हा नुसता सारांश आहे, याला पूर्ण तपशील समजू नका. पूर्ण तपशील मजकुरात आहे, आणि त्याची मांडणी कशी? एकेक इव्हेंट घ्यायचा आणि प्रत्येक स्टेटमध्ये त्याचं काय करायचं ते लिहायचं. आपला तक्ताच, फक्त गद्यात.

अॅक्शन कुठे ठेवायची

हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण टायमरचे बग इथूनच निघतात. अॅक्शन बाणावर ठेवावी की स्टेटमध्ये शिरताना करावी? पहिली पद्धत मीलीची, दुसरी मूरची. दोघांचे मूळ लेख १९५५ आणि १९५६चे, तेव्हा विषय सर्किटचा होता. आज दोन्ही एकत्र वापरतात. माझा नियम: त्या स्टेटमध्ये असेपर्यंत जे चालू राहायला हवं, ते शिरताना सुरू करा आणि बाहेर पडताना बंद करा. 'अनिश्चित'मधला विचारणा करणारा टायमर असाच. तो बाणावर सुरू केलात, तर उद्या त्या स्टेटमध्ये येणारा दुसरा बाण काढताना कुणीतरी टायमर विसरेल. आणि बंद करणं बाहेर पडण्याशी बांधलं नाही, तर 'यशस्वी' झालेल्या पेमेंटबद्दल विचारणा चालूच राहील. विशिष्ट वाटेने आलो तरच जे करायचं, उदाहरणार्थ नकाराचं कारण नोंदवणं, ते बाणावर.

एक बारकावा: स्टेटमधून निघून त्याच स्टेटमध्ये परत येणारा बाण. यूएमएलमध्ये बाहेरून फिरून येणारा असा बाण बाहेर पडण्याची आणि शिरण्याची, दोन्ही अॅक्शन्स पुन्हा चालवतो. अंतर्गत ट्रान्झिशन, म्हणजे स्टेट न सोडता इव्हेंट हाताळणं, त्या चालवत नाही. समजा 'अनिश्चित' असताना ग्राहकाने पान रिफ्रेश केलं आणि तुम्ही त्यासाठी बाहेरून फिरणारा बाण काढला. दर रिफ्रेशला टायमर नव्याने सुरू होणार. वैतागलेला ग्राहक दर दहा सेकंदांनी रिफ्रेश करतोय, टायमर तीस सेकंदांचा आहे, आणि गेटवेला विचारणा कधी होतच नाही. लॉगमध्ये सगळं व्यवस्थित दिसतं.

चौकटी फार झाल्या तर

साध्या स्टेट मशीनचा जुना रोग म्हणजे चौकटींचा स्फोट. जोडणीच्या ३, पडद्याच्या ४ आणि बॅटरीच्या ३ स्टेट्स असलेलं उपकरण एका सपाट चित्रात मांडायला ३६ चौकटी लागतात. यावरचा उपाय संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी दिला. १९८३च्या सुमारास ते लावी या इस्रायली लढाऊ विमानाच्या एव्हिऑनिक्सवर (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर) सल्लागार म्हणून काम करत होते. तिथल्या अभियंत्यांना विमानाचं सगळं ज्ञान होतं, पण अमुक परिस्थितीत अमुक बटण दाबलं तर काय होईल, हे जाडजूड दस्तऐवजांत विखुरलेलं होतं. त्यातून स्टेटचार्ट तयार झाले. हॅरेल यांचा त्यावरचा लेख १९८७चा. एका स्टेटच्या पोटात उपस्टेट्स ठेवणं, आणि एकाच वेळी चालणारे स्वतंत्र भाग शेजारी शेजारी मांडणं, या त्यातल्या दोन मोठ्या कल्पना. वरचं उपकरण तीन स्वतंत्र भागांत मांडलं की ३६च्या जागी १० चौकटी पुरतात. १९९७मध्ये प्रमाणित झालेल्या यूएमएलने हीच पद्धत उचलली.

तुमच्यासाठी यातलं लगेच उपयोगाचं ते असं: ऑर्डरच्या 'स्टेटस' या एकाच कॉलममध्ये 'पैसे भरले', 'पाठवली', 'पोहोचली', 'रिफंड चालू' असं सगळं कोंबू नका. पैसे आणि माल या दोन वेगळ्या वाटा आहेत. माल वाटेत असताना अर्धवट रिफंड सुरू झाला, तर एका कॉलममध्ये काय लिहाल? 'पाठवली पण रिफंड चालू'? त्या रस्त्याने गेलं की पुन्हा ३२ जोड्या. दोन मशीन्स करा, दोन कॉलम ठेवा. मात्र दोन भाग एकमेकांच्या स्टेटवर दर दुसऱ्या बाणाला गार्ड लावू लागले, तर ते स्वतंत्र नाहीतच. तिथे वाटणी पुन्हा तपासा.

उपस्टेट्सचा मोह आवरता घ्या. दोन पातळ्यांपलीकडे गेलेलं चित्र काढणाऱ्यालाही दोन आठवड्यांनी वाचता येत नाही. मागच्या उपस्टेटची आठवण ठेवणारी हिस्टरी स्टेट फारच जपून वापरा.

कोडमध्ये

दहा-बारा स्टेट्सपर्यंत लायब्ररीची गरज नाही. एक एनम (स्टेट्सच्या ठरलेल्या नावांची यादी) आणि एक फंक्शन: सध्याची स्टेट आणि इव्हेंट द्या, पुढची स्टेट आणि करायच्या अॅक्शन्स मिळतील. हे फंक्शन डेटाबेसला हात लावत नाही, गेटवेला फोन करत नाही, म्हणून तपासायला सोपं. तक्त्यातलं प्रत्येक घर म्हणजे एक टेस्ट, रिकामं ठरवून ठेवलेलं घरसुद्धा. त्यावर आणखी एक टेस्ट: इव्हेंट कोणत्याही क्रमाने यदृच्छेने शेकडो वेळा पाठवायचे आणि बघायचं की पैसे आपल्याकडे असताना स्टेट 'रद्द' कधी होत नाही ना. पुनरावृत्त आणि उलटसुलट वेबहुक इथे फुकटात तपासले जातात. फ्रंटएंडवर उपस्टेट्स आणि समांतर भाग खरोखर लागत असतील तर एक्सस्टेटसारखी लायब्ररी घ्या.

स्टेट बदलण्याची जागा एकच ठेवा, आणि डेटाबेसमध्ये लिहिताना अट घाला: या रेकॉर्डची स्टेट अजून 'अनिश्चित' असेल तरच 'यशस्वी' करा. वेबहुक आणि विचारणा करणारा टायमर एकाच क्षणी होकार घेऊन येतात. दोघांनीही आधी वाचलं तेव्हा स्टेट 'अनिश्चित'च होती. अट असेल तर एकाचं लिखाण लागतं, दुसऱ्याला शून्य ओळी बदलल्याचं कळतं. त्याने काय करायचं? एरर फेकायची नाही. ताजी स्टेट वाचायची आणि तोच इव्हेंट पुन्हा तक्त्यातून न्यायचा. तिथे 'यशस्वी असताना होकार: दुर्लक्ष' आधीच लिहिलेलं आहे.

ईमेल, माल पाठवण्याची सूचना वगैरे बाहेरची कामं स्टेट बदलण्याच्या त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये 'करायची कामं' म्हणून वेगळ्या टेबलात नोंदवा आणि नंतर दुसऱ्या प्रोसेसने उरकू द्या. नाहीतर ईमेल गेला आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, असं होतं. शेजारी इतिहासाचं टेबल ठेवा: कधी, कोणत्या स्टेटमधून, कोणत्या इव्हेंटमुळे, कोणत्या स्टेटमध्ये. तक्रार आली की फ्लॅग बघून तर्क लढवण्याऐवजी सरळ वाचता येतं.

चित्र हाताने जपू नका. ट्रान्झिशन्सचा तक्ता कोडमध्ये आहेच, त्यातून मर्मेड किंवा प्लँटयूएमएल या मजकुरावरून चित्र काढणाऱ्या साधनांचा मजकूर तयार करणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. वेगळ्या साधनात काढलेला डायग्राम तिसऱ्या रिलीजपर्यंत जुना होतो, आणि जुना डायग्राम नसलेल्या डायग्रामपेक्षा वाईट, कारण नवा माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

हे सगळं प्रत्येक मॉड्यूलला लावत बसू नका. नुसती माहिती भरा-वाचा-बदला-पुसा असेल, किंवा आकडेमोड असेल, तर स्टेट डायग्राम काढून वेळ जाईल. 'मसुदा' आणि 'प्रकाशित' या दोनच स्टेट्स असतील तरीही नको. बाहेरून, आपल्या हातात नसलेल्या क्रमाने इव्हेंट येतात आणि चुकीच्या क्रमाची किंमत मोठी असते, तिथेच हा घाट घाला. पेमेंट त्यात बसतं.

चालू सिस्टिमवर सुरुवात

कोडला हात लावण्याआधी प्रोडक्शनच्या डेटाबेसवर एक क्वेरी चालवा: पाचही फ्लॅगवर ग्रुप बाय करून प्रत्येक जोडीची रेकॉर्ड्स मोजा. ३२पैकी किती जोड्या प्रत्यक्षात आहेत आणि प्रत्येकीत किती रेकॉर्ड्स, हे समोर येईल. ठसठशीत जोड्यांना स्टेटचं नाव देता येईल. मग पाच फ्लॅग घेऊन एक स्टेट देणारं फंक्शन लिहा, आणि ओळखता न आलेल्या जोडीसाठी त्यातून 'अज्ञात' परत करा. सुरुवातीला फक्त हे फंक्शन चालवून लॉग करा, वागणं बदलू नका. रोज किती नवी 'अज्ञात' तयार होतात ते बघा आणि त्यांच्यामागचा इव्हेंटचा क्रम शोधा. तक्त्यातलं एकेक रिकामं घर असं सापडत जातं. नवी 'अज्ञात' तयार होणं थांबलं की नवा कॉलम टाका, काही काळ दोन्हीकडे लिहा, वाचणं नव्या कॉलमवर आणा, आणि सगळ्यात शेवटी फ्लॅग काढा.

जुनी 'अज्ञात' रेकॉर्ड्स स्क्रिप्टने सरसकट 'यशस्वी' किंवा 'अयशस्वी' करू नका. त्यांना 'अनिश्चित'मध्ये टाका आणि गेटवेला विचारणाऱ्या नेहमीच्या वाटेनेच बाहेर काढा. गेटवेकडे जुना तपशील मिळत नसेल त्यांची यादी हिशेब तपासणाऱ्यांकडे द्या. त्यातली काही रक्कम ग्राहकांना परत करावी लागेल, याची कल्पना वरिष्ठांना आधीच देऊन ठेवा.